ऑपरेशननंतर काटा अडतो, तेव्हा मेटाबॉलिझम काय करत असतो?

मार्च २०२५ मध्ये माउंजारो आणि त्याच वर्षी जूनमध्ये वेगोव्ही ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात आली, आणि लठ्ठपणावरच्या उपचारांची चर्चा डॉक्टरांच्या खोलीतून निघून थेट लग्नाच्या पंगतीत पोचली. इंजेक्शन घ्यावं की बॅरिअ‍ॅट्रिक ऑपरेशन (वजन उतरवण्यासाठी जठर-आतड्यांवर होणारं) करावं, हा वाद आता कुणीही घालतो. त्यात एक शब्द हमखास येतो: मेटाबॉलिझम, म्हणजे शरीराचं ऊर्जा जाळण्याचं काम. ‘माझा मुळातच स्लो आहे.’ ‘ऑपरेशनने फास्ट होतो म्हणे.’ ‘डाएट करून करून माझा मेलाय.’ आणि ज्यांचं ऑपरेशन होऊन आठ-दहा महिने झालेत त्यांचं ठरलेलं वाक्य: ‘आधी धडाधड उतरलं, आता दोन महिने काटा हलत नाही. मेटाबॉलिझम बंद पडला का?’

बंद पडत नाही. मेटाबॉलिझम बंद पडणं म्हणजे मरण. पण ऑपरेशननंतर तो वाढतो, ही समजूतही चुकीची आहे. तो घटतो, बऱ्यापैकी घटतो, आणि तरीही वजन उतरतं. हे कसं, ते समजलं की काटा अडल्यावर होणारी निम्मी घाबरगुंडी टळते.

झोपून राहिलं तरी होणारा खर्च

अंथरुणात नुसतं पडून राहिलं, बोटही हलवलं नाही, तरी शरीर ऊर्जा जाळतच असतं. हृदयाचे ठोके, श्वास, शरीराची ऊब, मेंदूचं काम, यकृतातली शेकडो रासायनिक कामं, पेशींची डागडुजी. या खर्चाला शास्त्रात ‘विश्रांतीकालीन चयापचय दर’ म्हणतात. नाव लांबलचक आहे, म्हणून इथून पुढे आपण त्याला ‘मूळ खर्च’ म्हणू. तो कॅलरीत मोजतात. बिस्किटाच्या पुड्यावर छापलेली असते तीच कॅलरी.

बैठं काम करणाऱ्या माणसाच्या दिवसभराच्या एकूण खर्चात मूळ खर्चाचा वाटा साधारण ६० ते ७० टक्के असतो. खाल्लेलं पचवण्यात, शोषण्यात आणि साठवण्यात सुमारे १० टक्के जातात. चालणं, जिने, धुणंभांडी, व्यायाम हे सगळं उरलेल्यात. म्हणजे तासभर जिममध्ये घाम गाळणाऱ्याचाही मोठा खर्च त्याच्या नकळतच होत असतो.

या मूळ खर्चात कुणाचा वाटा किती, हे पाहिलं की बरेच जण चकित होतात. हृदय आणि मूत्रपिंडं दर किलोमागे दिवसाला सुमारे ४४० कॅलरी जाळतात, मेंदू २४०, यकृत २००. स्नायू? दर किलोमागे जेमतेम १३. आणि चरबी ४.५. जेमतेम दीड किलोचा मेंदू तीनशेहून जास्त कॅलरी एकटा खातो, मग तुम्ही गणित सोडवत असा किंवा मालिका बघत असा.

जिमच्या मशीनमधून आलेला कागद

आता हा खर्च मोजतात कसा? खरी पद्धत अशी: सकाळी उपाशीपोटी माणसाला शांत खोलीत पलंगावर निजवतात. डोक्यावर पारदर्शक प्लास्टिकचा घुमट ठेवतात, त्याला एक नळी जोडलेली असते. अर्धा तास काही करायचं नाही. बोलायचं नाही, मोबाइल नाही, आणि झोपायचंही नाही. यंत्र मोजतं की श्वासातून किती ऑक्सिजन वापरला गेला आणि किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला. त्यावरून जाळलेल्या कॅलरी काढतात.

जिममध्ये अनवाणी उभं करून, हातात दोन दांडे देऊन, मशीन जो कागद छापून देतं त्यावरचा ‘बीएमआर’ (म्हणजे साधारण हाच मूळ खर्च) असा मोजलेला नसतो. मशीन शरीरातून अगदी सौम्य वीज सोडून चरबीचा अंदाज घेतं आणि तो आकडा एका सूत्रात घालतं. अंदाजावर अंदाज. त्याच कागदावर ‘मेटाबॉलिक वय ५८’ असंही छापून येतं आणि ४१ वर्षांच्या बाईचा दिवस खराब करतं. त्या आकड्यावर रडत बसू नये, एवढंच सांगेन.

दवाखान्यातही बहुतेक वेळा सूत्रच वापरतात. सगळ्यात जास्त वापरलं जाणारं मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र १९९० सालचं, अमेरिकेतल्या लोकांवर बेतलेलं. ते वजन, उंची, वय आणि स्त्री की पुरुष एवढंच विचारतं. अंगात चरबी किती आणि बाकीचं किती, हे विचारत नाही. आपल्यासाठी हे महत्त्वाचं आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच फोटो छापले होते. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. तेवढ्याच वजनात आपल्याकडे चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात, हे त्या एका फोटोने जगाला पटवलं. चरबी कमी जाळते, त्यामुळे परदेशी सूत्र आपला मूळ खर्च थोडा फुगवून सांगण्याचीच शक्यता जास्त. तेव्हा सूत्राचा आकडा हा अंदाज आहे हे लक्षात ठेवून पुढचं गणित वाचावं.

ऑपरेशनमध्ये करतात काय

हे थोडक्यात. आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार होतात. ‘स्लीव्ह’मध्ये जठराचा बाहेरचा फुगीर भाग, सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून थोडा जास्त, कापून काढतात आणि एक अरुंद नळी ठेवतात. ‘बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाला छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या लहान आतड्याला जोडतात, म्हणजे अन्न बाकीचं जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे जातं. (हृदयाच्या बायपासशी याचा काही संबंध नाही. नातेवाइकांचा गोंधळ होतो म्हणून सांगितलं.) दोन्ही दुर्बिणीतून होतात. ऑपरेशनआधी दोन आठवडे डॉक्टर कडक, बहुतांशी पातळ आहारावर ठेवतात. ती शिक्षा नसते. चरबीने सुजलेलं यकृत त्या दिवसांत आक्रसतं आणि त्याच्या मागे दडलेल्या जठरापर्यंत दुर्बीण नीट पोचते.

मूळ खर्च घटतो तो किती?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. वय ४२, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ११८ किलो अशी एक बाई. सूत्राप्रमाणे तिचा मूळ खर्च दिवसाला सुमारे १८०० कॅलरी. हालचाल आणि पचन धरून एकूण २४०० च्या आसपास.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ती दिवसाला ७००-८०० कॅलरींपलीकडे खाऊच शकत नाही. रोजची तूट सोळाशेच्या घरात. एक किलो चरबीत ढोबळमानाने ७७०० कॅलरी असतात. म्हणजे पाच दिवसांत जवळपास एक किलो. ‘धडाधड उतरलं’ ते असं.

वर्षभराने तिचं वजन ८२ किलो. आता सूत्र सांगतं, मूळ खर्च सुमारे १४३०. साडेतीनशेहून जास्त कॅलरी रोजच्या कमी झाल्या. शिवाय ११८ किलो घेऊन जिना चढायला जी ऊर्जा लागायची ती ८२ किलोला लागत नाही, आणि कमी खाल्लं म्हणून पचनाचा खर्चही कमी. एकूण खर्च आला १८५०-१९०० वर. इकडे खाणं मात्र वाढलेलं असतं. नव्या जठराला सवय होते, घास जरा मोठे होतात, आणि दिवसाला १३००-१४०० कॅलरी सहज जातात. तूट उरली पाचशेच्या आसपास. आता एक किलो उतरायला पाच दिवसांऐवजी पंधरा दिवस लागतात. पुढे खाणं आणखी थोडं वाढतं, खर्च आणखी थोडा घटतो, दोन्ही आकडे एकमेकांना भिडतात आणि काटा थांबतो.

यात कुठे काही बिघडलेलं नाही. चार खोल्यांच्या घरातून कुटुंब दोन खोल्यांत राहायला गेलं तर विजेचं बिल कमी येणारच. मीटर बिघडलं असं आपण म्हणत नाही.

पण हे साडेतीनशे गेले कुठे? समजा तिच्या ३६ किलोंपैकी २७ किलो चरबी आणि ९ किलो चरबी सोडून बाकीचं, म्हणजे स्नायू, पाणी वगैरे. (ऑपरेशननंतर उतरलेल्या वजनात चरबीशिवायचा भाग साधारण पाव असतो.) चरबीचे सव्वाशेच्या आत, आणि ते नऊ किलो पूर्ण स्नायू धरले तरी तेवढेच. मिळून अडीचशेसुद्धा होत नाहीत. उरलेली घट त्या महागड्या अवयवांची: यकृत लहान होतं, मूत्रपिंडांवरचा ताण उतरतो, हृदयाला कमी शरीरात रक्त ढकलावं लागतं. रुग्णाचं यकृत निरोगी झालं म्हणून तिचा मेटाबॉलिझम थोडा ‘स्लो’ झाला! ही घट कुणी परत मागणार आहे का?

हिशेबापेक्षा जास्त घट

आतापर्यंतचं सगळं सरळ गणित होतं. पण शरीर काही वेळा त्याहून पुढे जातं. दोन खोल्यांत राहायला आलेल्या कुटुंबातल्या कमावत्याची नोकरी गेली तर बिल आणखी खाली येतं: पंखा एकवर, एकाच खोलीत दिवा. शरीरही तसं करतं. वजन उतरल्यावर जेवढा मूळ खर्च असायला हवा, त्याहूनही कमी मोजला जातो. याला ‘चयापचयी अनुकूलन’ म्हणतात. आपण सरळ काटकसर म्हणू.

ही काटकसर पहिल्यांदा नीट दिसली ती दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन सुमारे पाव घटलं, पण मूळ खर्च जवळपास ४० टक्क्यांनी खाली आला. ते उन्हाळ्यातही गारठायचे आणि अन्नाशिवाय त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं.

मग २०१६ मध्ये संशोधक केविन हॉल आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला आणि जगभर मथळे झळकले. अमेरिकेतल्या ‘द बिगेस्ट लूझर’ या वजन उतरवण्याच्या टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना त्यांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. स्पर्धेत सरासरी ५८ किलो उतरले होते, त्यातले ४१ परत आले होते. आणि मूळ खर्च? अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी. वजन परत येऊनही काटकसर तशीच. ‘डाएटने मेटाबॉलिझम मरतो’ हे वाक्य बरंचसं या मथळ्यांतून आलं.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती, ती मथळ्यांत आली नाही. ज्यांनी वजन जास्त टिकवलं होतं त्यांचीच काटकसर जास्त होती. म्हणजे काटकसर झाली म्हणून वजन परत आलं, असं साधं समीकरण मांडता येत नाही. पुढे हॉल यांनी स्वतःच या निष्कर्षांकडे नव्याने पाहिलं आणि स्पर्धकांनी टिकवलेल्या भरपूर व्यायामाशी या काटकसरीचा संबंध असावा असं सुचवलं. दुसऱ्या काही संशोधकांना दिसलं की वजन उतरून काही आठवडे ते स्थिर ठेवलं आणि मग मोजलं, तर काटकसर दिवसाला पन्नासेक कॅलरींवर येते. अर्धी पोळी. घाईत, वजन घसरत असतानाच मोजलं तर ती मोठी दिसते.

शरीर हे करतं कशाने? मुख्य निरोप्या लेप्टिन. हे संप्रेरक (हार्मोन) १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळेत सापडलं. ते चरबीतून स्रवतं आणि मेंदूला साठा किती शिल्लक आहे ते कळवतं. चरबी घटली, लेप्टिन घटलं, की मेंदू दुष्काळ आला असं धरून चालतो. थायरॉइडचं सक्रिय संप्रेरक थोडं खाली येतं, मज्जासंस्थेचा वेग मंदावतो, स्नायू तेच काम कमी ऊर्जेत करायला लागतात. आणि भूक वाढते. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, आणि तिथेच ऑपरेशन वेगळं ठरतं.

मग ऑपरेशनवाल्यांचं वजन टिकतं कसं?

हॉल यांच्याच गटाने २०१४ मध्ये एक सुंदर तुलना केली होती. त्या टीव्ही स्पर्धेतले १३ जण आणि त्यांच्याशी जुळणारे बायपास झालेले १३ जण. दोन्हीकडे काटकसर दिसली. पण बायपासवाल्यांत ती सहा महिन्यांना होती आणि वर्षाच्या शेवटी, वजन अजून उतरत असतानाही, ठळक अशी उरली नव्हती. यावरचे सगळे अभ्यास एकसुरात बोलत नाहीत, काहींना वर्षानंतरही थोडी काटकसर आढळली. पण ऑपरेशनने माणसाचा मूळ खर्च वाढतो, असं कुठेच भक्कमपणे दिसत नाही. बायपास केलेल्या उंदरांत एकूण खर्च वाढलेला काही ठिकाणी दिसला, आणि बहुधा तिथूनच ‘फास्ट होतो म्हणे’ची अफवा सुटली असावी.

खर्चाच्या बाजूला चमत्कार नाही, म्हणजे तो जमेच्या बाजूला आहे. आणि तो फक्त ‘पोट लहान केलं, मावत नाही’ एवढाच नाही. भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग काढला जातो. दोन्ही ऑपरेशनांनंतर अन्न आतड्यात लवकर पोचतं आणि तिथून जीएलपी-१, पीवायवाय ही ‘आता पुरे’ सांगणारी संप्रेरकं जेवणानंतर कितीतरी जास्त स्रवतात. नेहमीच्या बायपासमध्ये अन्न न शोषलं जाण्याचा वाटा लोक समजतात त्यापेक्षा फार कमी आहे. मुख्य काम भूक घटण्यानेच होतं.

उपाशी राहून वजन उतरवणाऱ्याचा मेंदू सतत ओरडत असतो: साठा भर. ऑपरेशन झालेल्याचा मेंदू, निदान पहिली एक-दोन वर्षं, कमी वजनालाही ‘ठीक आहे, भागेल’ म्हणतो. स्लीव्ह केलेल्या उंदरांना आणखी उपाशी ठेवून वजन अजून खाली आणलं आणि मग मोकळं सोडलं, तेव्हा ते भरपूर खाऊन पुन्हा ऑपरेशननंतरच्या वजनावर येऊन थांबले. नुसतं जठर लहान असल्याने ते अडले असते तर इतकं खाता आलं नसतं. शरीर ज्या वजनाची राखण करतं ते वजनच ऑपरेशनने खाली सरकवलं होतं.

‘पण माझा काटा तिसऱ्याच आठवड्यात अडला!’

बऱ्याच जणांचा अडतो. पहिल्या दिवसांत यकृत आणि स्नायूंतला ग्लायकोजेन नावाचा पिठूळ साठा संपतो. तो चारेकशे ग्रॅमच असतो, पण प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. तो संपला की साठा आणि पाणी मिळून दीडेक किलो निघून जातं आणि आपण ते चरबीच्या खात्यात लिहितो. पुढे खाणं थोडं सुरू झालं की साठा आणि पाणी काही प्रमाणात परत येतं. चरबी जळतच असते, पण पाणी काट्यावर तिची बरोबरी करतं. मेटाबॉलिझमचा इथे काही दोष नाही. अशा वेळी रोज सकाळी काट्यावर उभं राहण्यापेक्षा कमरेचा घेर मोजावा. आणि हो, घाबरून उरलेलं सूपही बंद करू नये.

दीड वर्षाने थांबलेला काटा वेगळा. तो वर सांगितलेल्या गणिताने थांबलेला असतो.

‘स्नायू वाढवले की मेटाबॉलिझम पेटतो ना?’

जिममधलं सगळ्यात लाडकं वाक्य. पण आकडे आधीच सांगितलेत. खूप मेहनतीने तीन किलो स्नायू कमावले तर मूळ खर्च वाढला दिवसाला ३९ कॅलरी. एका पोळीत ८० ते १०० असतात. पेट वगैरे काही घेत नाही.

तरीही ऑपरेशननंतर स्नायू जपायलाच हवेत, कारणं मात्र दुसरी. रक्तातली साखर उचलणारं मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. हाडांना ताण देणारे स्नायू. साठीत जमिनीवरून हाताचा आधार न घेता उठवणारे स्नायू. आणि आपण भारतीय मुळातच या बाबतीत तंग.

म्हणून डॉक्टर दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनांचा आग्रह धरतात, काहींना त्याहून जास्त. शाकाहारी मराठी घरात हे किती अवघड आहे, ते एकदा हिशेब करून बघा. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम. पेलाभर दुधात तेवढंच. शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास. ३० ग्रॅम बेसनाच्या पिठल्यात सहा. आणि इथे एका वेळी जेमतेम एक लहान वाटी पोटात जाते! ‘आम्ही वरणभात खातो की’ म्हणून चालत नाही; भातानेच वाटी भरते. म्हणून क्रम उलटा करायचा: आधी पनीर, अंडं, उसळ किंवा मासा, मग भाजी, आणि जागा उरली तर शेवटी चतकोर पोळी. पाणी जेवताना नाही, अर्ध्या तासाच्या अंतराने. तरीही कमी पडतं, म्हणून पावडर लिहून देतात. ती घेण्यात कमीपणा नाही. सोबत आठवड्यातून दोन-तीन वेळा वजन उचलण्याचा किंवा रबरी पट्ट्यांचा व्यायाम, सर्जनने परवानगी दिल्यावर.

चाळिशी, जिरेपाणी आणि दर दोन तासांनी खाणं

चाळिशीनंतर मेटाबॉलिझम मंदावतो, असं सगळेच म्हणतात. २०२१ मध्ये ‘सायन्स’ या शास्त्रीय नियतकालिकात २९ देशांतल्या ६४०० हून जास्त लोकांच्या मोजमापांचा अभ्यास आला. शरीराचा आकार आणि घडण लक्षात घेतली तर विशीपासून साठीपर्यंत खर्च जवळजवळ स्थिर राहतो. घट साठीनंतर, तीही हळूहळू. चाळिशीत घटते ती धावपळ.

जिरेपाण्याने तोंडाला चव येते. ग्रीन टीने फरक पडलाच तर इतका थोडा की काट्याला कळणारही नाही. आणि आपल्याकडची जुनी भांडणं, दिवसातून दोनदाच जेवा की दर दोन तासांनी खा: मूळ खर्चाच्या दृष्टीने दोन्ही सारखीच. पचनाचा खर्च एकूण किती आणि काय खाल्लं यावर ठरतो, किती वेळा यावर नाही. ऑपरेशन झालेल्यांना थोडं थोडं खायला सांगतात ते जठर लहान असल्यामुळे.

इंजेक्शनने हे सगळं टळतं का?

ही इंजेक्शनं शरीरातल्या त्याच जीएलपी-१ ची नक्कल करतात, माउंजारो जोडीला आणखी एका संप्रेरकाची. म्हणजे इथेही काम भुकेच्या बाजूनेच. टिर्झेपेटाइड, म्हणजे माउंजारोतलं औषध, ही काटकसर रोखतं का, हे माणसांवर तपासलं गेलं. नाही रोखत, असं २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. स्नायूंची घट इथेही होते. आणि औषध थांबलं की भूक परतते: वेगोव्हीतलं सेमाग्लूटाइड बंद केलेल्यांत वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत आला होता. ऑपरेशनचं पारडं इथे जड आहे, कारण ते इंजेक्शनासारखं दर आठवड्याला घ्यायचं विसरता येत नाही. जोखीमही अर्थात त्याचीच जास्त.

‘शेवटी वजन परत येतंच, मग पोट कापायचं कशाला?’

थोडं येतं, बहुतेकांचं. १९८७ मध्ये सुरू झालेल्या स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासात बायपास झालेल्यांचं वजन एक-दोन वर्षांनी मूळ वजनाच्या सरासरी ३२ टक्क्यांनी खाली होतं. दहा वर्षांनी ही घट २५ टक्के होती. म्हणजे ११८ किलोची व्यक्ती दहा वर्षांनीही नव्वदीच्या खालीच. त्याच अभ्यासात ऑपरेशन न केलेल्यांचं वजन जवळपास होतं तिथेच राहिलं, आणि ऑपरेशन झालेल्यांत मृत्यूचं प्रमाणही कमी आढळलं. माझ्या मते दहा वर्षांचा हा हिशेब तोट्याचा नाही. टोमणा मारणाऱ्या आत्याबाईंना मात्र सात टक्केच दिसतात.

पण तीन-चार वर्षांनी आठ-दहा किलो भरभर वाढले, तर ‘मेटाबॉलिझम स्लो झाला’ म्हणून घरी बसू नये, आणि सातशे कॅलरींचं जुनं डाएटही पुन्हा सुरू करू नये. त्याने स्नायू जातात आणि भूक आणखी चवताळते. सर्जनकडे जाऊन आधी जठराची पिशवी किंवा नळी फुगली आहे का ते पाहावं लागतं, थायरॉइड तपासावं लागतं, आणि मधल्या काळात सुरू झालेली औषधंही सांगावी लागतात. काही स्टिरॉइडं आणि मानसिक आजारावरची काही औषधं वजन वाढवतात. आहारतज्ज्ञाला चहा-सरबतांचा, फरसाणाचा आणि आइस्क्रीमचा खरा हिशेब द्यावा. मऊ आणि पातळ गोड पदार्थ लहान जठरातूनही बिनबोभाट जातात. गरज वाटली तर आता ऑपरेशननंतरही इंजेक्शनांची जोड देतात.

वजन वाढो न वाढो, बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या तपासण्या आणि गोळ्या जन्मभर चालू राहतात. आणि ऑपरेशननंतर कधीही काही दिवस सलग उलट्या झाल्या, तर घरगुती उपाय करत न बसता ताबडतोब दवाखाना गाठावा. थायामिन, म्हणजे बी-१, काही आठवड्यांतच संपतं, आणि त्याची कमतरता थेट मेंदू आणि नसांवर जाते.